काय भंगार, हे आपण ठरवायचं

तुमच्या गावातल्या अंजुमनच्या शाळेत, उर्दू वाचनालयात किंवा जमातखान्याच्या माडीवर एक कुलूपबंद खोली असण्याची बरीच शक्यता आहे. दारावर ‘कॉम्प्युटर लॅब’ अशी पाटी, पाटीखाली देणगीदाराचं नाव. आत सात-आठ कॉम्प्युटर, त्यांच्यावर प्लास्टिकची कव्हरं, कव्हरांवर धूळ. चौकशी केली की ट्रस्टीसाहेब सांगतात, ‘जुने झालेत, चालत नाहीत. नव्यांसाठी अर्ज दिलाय.’

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि सुट्टीच्या दिवशी अशा खोल्यांमध्ये बसून जुन्या मशीनवर लिनक्स टाकतो. त्या अनुभवावरून सांगतो, यातले बरेचसे कॉम्प्युटर चालतात. आपल्याला काय लागतं हे दुसऱ्याने सांगायचं आणि आपण ते मिळायची वाट बघत बसायचं, ही सवय मात्र आता चालणार नाही. या लेखात मी लिनक्सबद्दल बोलणार आहे, पण भांडण या सवयीशी आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. घरगुती वापरकर्त्यांसाठी वर्षभराची वाढीव मुदत ठेवली, पण मुदत म्हणजे उपाय नव्हे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, किमान ४ जीबी रॅम आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धानंतर आलेला. त्याआधीचा कॉम्प्युटर कितीही धडधाकट असला तरी यादीबाहेर. कंपनीने आपल्या सोयीची यादी केली, यात मला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते आपलं. यादी आली आणि आपण खोलीला कुलूप घालून मोकळे झालो.

यादीबाहेरचा कॉम्प्युटर पुढे कुठे जातो? संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये काढलेल्या ई-कचऱ्याच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद आहे. आपल्या देशात बराचसा माल हाताने फोडला जातो. दिल्लीतलं सीलमपूर याच धंद्यासाठी ओळखलं जातं. मुरादाबादेत सर्किट बोर्ड जाळून, आम्लात बुडवून धातू काढले गेले. तो धूर कोणाच्या वस्तीत जातो, हे या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको. आपली काही पोरं कॉम्प्युटरची वाट बघत बसली आहेत आणि आपलीच दुसरी पोरं तसलाच कॉम्प्युटर हातोडीने फोडत आहेत. वुजूला बसल्यावर नळ उगाच सोडून ठेवू नये, इसराफ होतो, असं आपल्याला लहानपणी शिकवलेलं असतं. हा हिशेब नळापाशीच का थांबतो?

म्हातारं काय होतं

प्रोसेसर तसा म्हातारा होत नाही. २००८ सालचा कोअर टू ड्युओ तेव्हा जितकी आकडेमोड करायचा, तितकीच आजही करतो. थकतं ते त्याच्या भोवतालचं, आणि वाढतं ते आपण त्याच्यावर लादलेलं ओझं.

पहिली गोष्ट धूळ. पंखा आणि त्याखालची जाळी तुंबली, प्रोसेसरवरची पेस्ट सुकली की उष्णता बाहेर जात नाही आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. ब्रश, हवेचा झोत आणि नव्या पेस्टचा एक ठिपका एवढंच हे काम आहे.

दुसरी गोष्ट मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२. तो संपला की बटण दाबताच तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग बँकेची आणि सरकारी संकेतस्थळं उघडत नाहीत, कारण सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र तारखेवरून तपासलं जातं. ‘इंटरनेट चालत नाही’ म्हणून बाजूला ठेवलेला कॉम्प्युटर घड्याळवाल्याकडच्या सेलने बरा होताना मी पाहिला आहे.

तिसरी गोष्ट हार्ड डिस्क. जुनी डिस्क फिरती असते. रॅम भरली की सिस्टिम रॅममधला माल डिस्कवर ठेवते आणि लागला की परत आणते. या ये-जा करण्यात सगळा वेळ जातो आणि आपल्याला वाटतं, कॉम्प्युटर मंद झाला. साधी साटा जोडणीची एसएसडी बसवली की तोच कॉम्प्युटर ओळखू येत नाही. नव्या कॉम्प्युटरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत हे सामान सहज मिळतं. रॅमची जुनी पट्टी एका मेलेल्या मशीनमधून काढून दुसऱ्या जिवंत मशीनमध्ये घातली तर तोही खर्च नाही, फक्त दोन्ही पट्ट्या एकाच जातीच्या हव्यात.

वजन उतरवणं म्हणजे प्रश्न विचारणं

आता सॉफ्टवेअर. डेबियन हे लिनक्सचं जुनं, भरवशाचं रूप आहे. ते बसवताना एक पायरी येते. कोणता डेस्कटॉप हवा, काय काय हवं, यांची यादी आणि त्यापुढे चौकोन. त्यातल्या डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढून टाकल्या तर नुसता पाया बसतो. मग त्यावर आपल्याला लागेल तेवढंच रचायचं. ग्नोमसारखा भरगच्च डेस्कटॉप नुसता उघडून ठेवला तरी साधारण एक जीबी रॅम घेतो. एलएक्सक्यूटी त्याच्या निम्म्याच्या आसपास भागवतो आणि आइसडब्ल्यूएम आणखी कमीत. एवढा खटाटोप नको असेल तर अँटीएक्स हे डेबियनवरच बेतलेलं हलकं, तयार रूप आहे.

पुढचं काम म्हणजे पडद्याआड चालणाऱ्या सेवा एकेक तपासणं. डेबियनमधल्या सिस्टिमडीला विचारलं की मशीन सुरू होताना कोणी किती वेळ घेतला, याची यादी ती देते. त्या यादीतल्या प्रत्येक नावाला एकच प्रश्न: तू इथे कोणाच्या कामाचा? या मशीनला ब्लूटूथच नाही, मग ब्लूटूथची सेवा कशाला? सिमकार्डचा मोडेम कोणी लावत नाही, मग मोडेम सांभाळणारा कशाला? प्रत्येक फाइलची सूची बनवत बसणारा आणि मधेच डिस्क पिळून काढणारा कारकून कशाला? पण प्रिंटरची सेवा मात्र ठेवायची, कारण अंजुमनमध्ये दाखले छापायचे असतात. आपल्या दोस्ताने त्याच्या लॅपटॉपवरून काय काढलं, ते बघून आपण काढायचं नसतं. आपल्या खोलीत कोण येतं, काय करायला येतं, हे आधी माहीत हवं.

रॅम अपुरी असेल तर झेडरॅम चालू करा. ते रॅमचाच एक भाग राखून त्यात माल दाबून बसवतं आणि डिस्ककडे धावायची वेळ लांबवतं. प्रोसेसरला थोडं काम वाढतं, पण फिरत्या डिस्कची वाट बघण्यापेक्षा ते परवडतं. एवढं करून झाल्यावर उरतो ब्राउझर. आजच्या दिवसात खरा खादाड तोच. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन घालून जाहिराती अडवल्या की पानं हलकी होतात. २ जीबीच्या मशीनवर चार-पाच टॅबच्या पुढे जायचं नाही, हा नियम कागदावर लिहून भिंतीला चिकटवायचा.

फॉन्टला हात लावाल तर

इथे माझं पहिलं भांडण हौशी लिनक्सवाल्यांशी आहे. यांची आपसात शर्यत असते. कोणाची सिस्टिम किती कमी एमबीत सुरू होते, त्याचे आकडे मिरवायचे. त्यांच्या सल्ल्यांच्या यादीत एक सल्ला हमखास असतो: ‘नको त्या भाषा काढून टाका, नको ते फॉन्ट काढून टाका.’ त्यासाठी तयार साधनंही आहेत. इंग्रजी सोडून बाकी भाषांच्या फाइली ती झटक्यात पुसतात.

नको त्या, म्हणजे कोणाला नको? ही यादी करणाऱ्याच्या डोळ्यासमोर मराठीत अर्ज लिहिणारी मुलगी नसते, उर्दूत निकाहाची पत्रिका जुळवणारा मौलवी नसतो. त्याच्या हिशेबात आपण चरबी असतो. मग छाटलेल्या मशीनवर मराठी शब्दांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात आणि पोरं म्हणतात, ‘लिनक्सवर मराठी येत नाही.’

येते, आणि फार कमी जागेत येते. लोहित देवनागरी किंवा नोटोचा देवनागरी फॉन्ट, उर्दूसाठी नोटो नस्तालिक, हे सगळं मिळून एखाद्या लांबलचक व्हिडिओच्या मानाने काहीच नाही. टायपिंगसाठी वेगळा कार्यक्रम सतत चालू ठेवायचीही गरज नाही. इनस्क्रिप्टसारखे कळफलक सिस्टिमच्या मूळ कळफलक-यादीतच असतात. इंग्रजी, मराठी आणि उर्दू अशी तिघांची अदलाबदल एका कळीवर ठेवता येते. मराठीचं जोडाक्षर आणि नस्तालिकची उतरती ओळ ही दोन्ही कामं हर्फबझ नावाचं एकच मुक्त सॉफ्टवेअर करतं. इराणमध्ये जन्मलेल्या बेहदाद इस्फहबोद यांनी त्याला वाढवलं आणि त्याचं नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, अँड्रॉइड, सगळीकडे ते आहे. मराठी बोलणाऱ्या मुसलमानाला जन्मभर विचारलं जातं, ‘तुमची भाषा नक्की कोणती?’ या सॉफ्टवेअरला असला प्रश्न पडत नाही. तुम्ही दोन्ही लिहा, ते दोन्ही नीट जुळवतं. तेव्हा काय वाट्टेल ते काढा, पण भाषा काढू नका.

लिब्रेऑफिसचंही तेच. ते जड आहे, त्याच्या जागी हलकं काही बसवा, असं सांगणारे भेटतील. पण सरकारी कार्यालयातून आलेली वर्ड फाइल उघडायला आणि मराठी-उर्दू एकाच पानावर लिहायला ते लागतं. फक्त रायटर आणि कॅल्क ठेवा, बाकीचे भाग वगळा. जे कामाला येतं त्याचं वजन सोसायचं असतं.

याच शर्यतीत आणखी एक घातक सल्ला फिरतो. प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या त्रुटी झाकण्यासाठी कर्नलमध्ये जे उपाय घातले आहेत, ते बंद करा म्हणजे वेग वाढेल. थोडा वाढेलही. पण ज्या मशीनवर दिवसभर दहा लोक आधार, पॅन आणि बँकेची खाती उघडतात, तिथे हे करणं म्हणजे दाराची कडी काढून हवा खेळती ठेवण्यासारखं आहे. सुरक्षेचे अपडेटही कधी थांबवायचे नाहीत. आणि सार्वजनिक मशीनवर पाहुण्यांसाठी असं खातं ठेवा, की बाहेर पडताच त्यातलं सगळं पुसलं जाईल. नाही तर कुणाच्या तरी बहिणीचा फोटो आणि आधारकार्ड डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पुढच्या माणसाची वाट बघत पडून राहतं. सायबर कॅफेत हे रोज घडतं. आपल्या खोलीत घडता कामा नये.

‘मोबाइल आहे की’

दुसरं भांडण घरातल्या मोठ्यांशी. ‘प्रत्येक पोराच्या हातात मोबाइल आहे, कॉम्प्युटर कशाला?’ मोबाइलवर बघता येतं, ऐकता येतं. पण दोन पानांचा माहिती अधिकाराचा अर्ज, शिष्यवृत्तीसाठी ठरावीक आकारात बसवायचे कागद, संस्थेच्या जमाखर्चाचा तक्ता, पहिला प्रोग्राम, ही कामं सहा इंचांच्या काचेवर करणारा माणूस लवकर थकतो आणि मग दुसऱ्याकडून करून घेतो. दुसऱ्याकडून करून घेण्याची किंमत काय असते, ते २०२५ मध्ये दिसलं. जूनमध्ये वक्फ मालमत्तांच्या नोंदीसाठी ‘उमीद’ पोर्टल सुरू झालं आणि सहा महिन्यांची मुदत पडली. त्या कायद्यावरचं भांडण आपल्या जागी आहे आणि ते चालू राहिलंच पाहिजे. पण रोजचं काम होतं कागद स्कॅन करणं, क्षेत्रफळ आणि सीमा भरणं, फाइली चढवणं. स्वतःच्या माडीवर कॉम्प्युटर असलेल्या एका संस्थेची मंडळी मूळ कागद पिशवीत घालून सायबर कॅफेत बसलेली मी पाहिली. पिढ्यान्‌पिढ्या जपलेले कागद आपण पानामागे पैसे देऊन अनोळखी माणसाच्या मशीनमध्ये सोडून आलो. आपल्याकडे यंत्र होतं, हात नव्हता.

काहींकडे तिसरा मार्ग असतो: चोरीचं विंडोज. गल्लीतला पोरगा पेनड्राइव्ह घेऊन येतो आणि दोनशे रुपयांत ‘फुल व्हर्जन’ टाकून जातो. बिस्किटाच्या पुड्यावरचा हलालचा शिक्का भिंगातून वाचणारे आपण, या पेनड्राइव्हवर काय आहे ते विचारत नाही. कुलूप तोडण्यासाठी घातलेल्या त्या छोट्या प्रोग्रामबरोबर आणखी काय आत आलं, हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. लिनक्स फुकट आहे ही त्याची लहान बाजू आहे. ते आपलं आहे, उघडं आहे, कोणाची परवानगी न चोरता वापरता येतं, ही मोठी.

‘आमच्या पोरांना भंगारच का?’

हा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही. तो बहुधा एखादी आई घेते किंवा एखादा स्वाभिमानी पोरगा, आणि त्यामागे अपमानाचा अनुभव असतो. वस्तीतली शाळा मोडकी, दवाखाना मोडका, आणि आता कॉम्प्युटरही दुसऱ्याने टाकलेला?

याला माझी दोन उत्तरं आहेत. पहिलं, नव्यासाठीची मागणी सोडू नका. शाळेत चांगली लॅब असणं हा हक्क आहे आणि तो सरकारकडून वसूल केला पाहिजे. पण सच्चर समितीचा अहवाल २००६ चा. तो आला तेव्हा पहिलीत असलेलं मूल आज नोकरी शोधतंय. अर्जाचा निकाल लागेपर्यंत वय थांबत नाही.

दुसरं उत्तर माझ्या पेशातलं. सिस्टिम हलकी करणं ही गरिबाची तडजोड आहे, असं ज्याला वाटतं त्याने आमच्या उद्योगात डोकावून बघावं. मोठमोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर आज कंटेनरमध्ये चालतात आणि त्यासाठी आल्पाइन नावाचं लिनक्स आवडीने वापरलं जातं, कारण त्याचा पाया अवघ्या काही एमबींचा आहे. घरातल्या वायफाय राउटरमध्ये, टीव्हीत लिनक्सच असतं आणि तिथे प्रत्येक एमबीचा हिशेब होतो. कोणती सेवा काढली तर काय मोडेल, मशीन सुरू व्हायला उशीर कुठे लागतो, मेमरी कोण खातंय, हे सांगू शकणाऱ्या माणसाला चांगला पगार मिळतो. हे शिकायला उघडता येणारं, मोडता येणारं, पुन्हा बसवता येणारं मशीन लागतं. सरकारी योजनेतून आलेला, सगळ्या बाजूंनी बंद केलेला टॅबलेट हे शिकवत नाही. त्याला स्क्रू लावायची जागासुद्धा नसते.

पण जुन्याचं प्रेम आंधळं नको. ३२ बिटचा प्रोसेसर असेल तर त्याला निरोप द्या. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटच्या जुन्या पीसीसाठी इन्स्टॉलर उरलेला नाही आणि लिनक्सवरच्या ३२ बिट फायरफॉक्सची नवी आवृत्तीही त्याच वर्षी थांबली. ६४ बिट, निदान २ जीबी रॅम, शक्यतो ४, एवढं असेल तरच हात घाला. काचेचे जुने, जाड मॉनिटर वीज खातात, ते रीतसर ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, फेरीवाल्याला नको. टॅली, इनपेजच्या जुन्या फाइली किंवा डिजिटल सहीचं एखादं हट्टी उपकरण यांच्यासाठी खोलीत एक विंडोजचं मशीन रीतसर परवान्याचं ठेवा. लिनक्स सगळं करतं, असं सांगणारा माणूस तुमचा वेळ वाया घालवतो.

फीत कापणारे आणि फडकं मारणारे

आता मुख्य भांडण, आणि ते आपल्या आपल्यात आहे. आपल्याकडे उद्घाटनाला पैसा मिळतो, देखभालीला मिळत नाही. दहा कॉम्प्युटर दिले की फोटो निघतो. सेल बदलला, धूळ पुसली, अपडेट केलं, याचा फोटो कोण काढणार? देणगीदार सदका-ए-जारियाची नियत करतात आणि ती नियत खरी असते. पण जारिया म्हणजे वाहत राहणारं. कुलपाआड काय वाहतं? वक्फाच्या जमिनीला मुतवल्ली लागतो, कारण सांभाळणारा नसेल तर दिलेली वस्तू ज्यांच्यासाठी दिली त्यांना पोचत नाही. कॉम्प्युटरलाही मुतवल्ली लागतो. तो पंधरा-सोळा वर्षांचा असला तरी चालतं. किंबहुना तोच बरा.

हे स्वप्नरंजन नाही. केरळमध्ये मलप्पुरम हा मुस्लिमबहुल जिल्हा आहे. २००२ मध्ये अक्षय प्रकल्प तिथूनच सुरू झाला आणि त्याचा हेतू साधा होता: घरटी किमान एकाला कॉम्प्युटर हाताळता यावा. देशातला पहिला ई-साक्षर जिल्हा म्हणून मलप्पुरमचं नाव जाहीर झालं. त्याच दशकात केरळच्या शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर धरलं, आणि २०१८ मध्ये तिथे ‘लिटल काइट्स’ नावाचे विद्यार्थ्यांचे गट सुरू झाले, ज्यांच्या कामात शाळेतली यंत्रं सांभाळायला मदत करणंही आलं. पैसा सरकारचा होता, हे खरं. पण नुसत्या पैशाने ते टिकलं नसतं. शिकणाऱ्याच्या हातात पेचकस दिला, म्हणून टिकलं.

आपल्याकडे पेचकस सोडा, किल्लीसुद्धा दिली जात नाही. ती शिपाईचाचांकडे असते आणि चाचा असर-मगरिबच्या दरम्यान भेटतात. त्या वेळेत मुलींना घराबाहेर पडणं अवघड असतं. म्हणजे ज्यांना घरी कॉम्प्युटर मिळण्याची शक्यता सगळ्यात कमी, त्यांनाच खोली बंद. ‘बिघडवतील’ अशी भीती दाखवली जाते. बिघडवू द्या. मोडलेली सिस्टिम पेनड्राइव्हवरून अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा बसते. पुन्हा बसवणारी मुलगी त्या पाऊण तासात जे शिकते, ते कोणत्याही प्रमाणपत्राच्या कोर्सपेक्षा कमी नसतं.

आणि माझ्या पेशातल्या भाऊ-बहिणींनो, तुमच्याशीही दोन शब्द. पुणे, हैदराबाद, दुबईत बसून दर ईदला आपण ‘कौमसाठी काही तरी करायला पाहिजे’ असे लांबलचक मेसेज लिहितो. मग वर्गणी काढून दोन नवे लॅपटॉप गावी पाठवतो. पैसे पाठवणं सोपं आहे. गावी गेलात की दोन रविवार खोलीत बसा. स्वतः सगळं बसवून देऊन हिरो होऊ नका. पहिलं मशीन तुम्ही करा, दुसरं त्यांच्याबरोबर करा, तिसऱ्याच्या वेळी खुर्ची मागे सरकवून गप्प बसा. तुम्ही निघून गेल्यावर चौथं मशीन तिथल्या कोणी केलं, तरच तुमचं काम झालं.

तरुण वाचकांनो, संस्थेच्या पुढच्या बैठकीला तुम्हाला बोलावलं नसलं तरी जा आणि तीन मागण्या लेखी द्या. पहिली, खोलीतल्या प्रत्येक मशीनची यादी करायची: प्रोसेसर, रॅम, डिस्क, काय चालतं, काय नाही. दुसरी, नवी खरेदी होईपर्यंत, आणि झाल्यावरही, देखभालीसाठी दर महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला काढायची, भले ती पाचशे रुपये असो. तिसरी, खोलीची एक किल्ली आणि सिस्टिमचा मुख्य पासवर्ड दोन विद्यार्थ्यांकडे द्यायचा, त्यातली एक मुलगी असलीच पाहिजे, आणि तिला सोयीची वेळ ती ठरवेल.

पहिल्या दोन मागण्यांना कोणी फारसा विरोध करणार नाही. तिसरीवर आवाज चढेल. तिथे माघार घेऊ नका.